एकाच विरजणाच्या दोन वाट्या

मंगळवार उजाडला की लवट्यांची थोरली सून ऋतुजा सकाळपासून भांडी आपटायला लागायची. गल्लीला आता ते पाठ झालं होतं. अकराच्या ठोक्याला गल्लीच्या आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका मालनताई, समाजमंदिरात यायच्या, भिंतीवरची पाटी उजळायची आणि गल्लीतल्या एकूण एक सुनेचं रक्त नावानिशी वाचलं जायचं. २०६१ सालच्या सांगोल्यात कुणाच्या घरात काय शिजलं ते लपवता येत होतं, रक्त तेवढं लपवता येत नव्हतं.

लपवणार तरी कसं? प्रत्येकीच्या मनगटात लोहकाकण होतं. दिसायला साधी बांगडी. पण आतून ती कातडीवर बारीक प्रकाश टाकून दोन गोष्टी मोजायची. एक म्हणजे रक्तातला लाल रंग किती, त्याचा आकडा. दुसरी, आज जेवणातलं किती लोह आतड्यातून रक्तात उतरलं, त्याची रोजची रेघ, जी काकणावरही बारीक उमटायची. आकडा बाराच्या वर सलग तीन महिने टिकला की बाई 'बाराची' झाली. मग गल्लीतल्या बायका जमून तिची लोहओटी भरायच्या, आणि त्यानंतरच नवरा-बायकोने पाळण्याचा विचार करायचा. कायद्याने सक्ती नव्हती हो. पण लोहओटीआधी दिवस गेलेल्या बाईकडे लोक असे बघायचे, जशी ती हेल्मेट न घालता पोराला पुढे बसवून घाटात निघालीय.

आणि लोकांचं तरी काय चुकलं? ऋतुजाच्या सासूबाई, आत्या म्हणायच्या त्यांना दोघी सुना, त्यांची सख्खी थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. रक्त सात. पोर जगलं, बाई गेली. दवाखान्यात नेल्यावर रक्त चढवायला धावाधाव झाली. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गर्भाची पहिली वीण पडते तेव्हा बहुतेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. तेव्हाच लोह लागतं, म्हणून साठा आधीच हवा. हे शहाणपण महाराष्ट्राला उशिरा आलं, पण आलं. गेल्या नऊ वर्षांत तालुक्यात रक्तावाचून एकही बाळंतीण दगावली नव्हती.

हे साधलं ते लोहसखीमुळे. लोहसखी म्हणजे दह्यात वाढणारा एक सूक्ष्म जंतू, प्रयोगशाळेत घडवलेला. बाजरीत लोह आहे, पालेभाजीत आहे, पण त्यातलं बहुतेक पोटातून आलं तसं निघून जातं, आणि वर चहाचा कप घेतला की उरलंसुरलंही अडतं. लोहसखी काय करते, आतड्यात बसून एक चिमट्यासारखा रेणू सोडते, त्याने लोहाचा कण पकडते आणि आतड्याच्या भिंतीला नेऊन देते. गोळ्या खाऊन मळमळणं नाही, पोट बिघडणं नाही. रोज वाटीभर दही खाल्लं की झालं. ते दही लावायला लागतं विरजण. म्हणून लग्नात मुलीबरोबर माहेरची विरजणाची वाटी द्यायची रीत पडली. रुखवतात भांडी कमी असली तर चालायचं, वाटी विसरून चालायचं नाही. आणि प्रत्येक सून आपल्या माहेरच्या वाटीचं कौतुक नाक वर करून सांगायची.

ऋतुजाची वाटी मंगळवेढ्याची. पितळेचं झाकण असलेली. त्या वाटीवर ती नऊपासून अकरा-आठपर्यंत चढली होती. बाराला दोन बोटं उरलेली. डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये फळं निवडताना ती मनात बाळाची नावंसुद्धा निवडायची. आणि नेमकी तेव्हाच धाकट्या दिराची बायको घरात आली, कस्तुरी. सांगलीची, गोरी, हसरी, जेवायला बसली की तीन भाकरी खाणारी. आली तेव्हा साडेदहा होती. वर्षभरात साडेबारा.

ऋतुजा मात्र अकरा-चारवर आली.

खरं सांगायचं तर कस्तुरी वाईट असती तर बरं झालं असतं. उद्धट बोलली असती, काम चुकवलं असतं, तर ऋतुजाला आपल्या रागाला धरायला मूठ मिळाली असती. पण ती आपली 'अक्का, अक्का' करत मागेमागे. अक्कांची साडी छान, अक्कांची भाजी छान. मालनताई पाटीवरून 'कस्तुरी लवटे, बारा पूर्णांक पाच' असं वाचायच्या, बायका टाळ्या वाजवायच्या, आत्यांचं काळीज सुपाएवढं व्हायचं, आणि ऋतुजाही टाळ्या वाजवायची. तिचे तळहात झोंबायचे. घरी येऊन ती न सांगता घागरी घासायला घ्यायची. ही कालची आलेली पोर माझ्या आधी ओटी भरून घेणार, असं तिला रोज वाटायचं, आणि वाटलं की ती स्वतःलाच शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की परत तेच वाटायचं.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशातली गत झाली. ऋतुजाची नजर कस्तुरीच्या वाटीवर गेली. ती स्टीलची वाटी कस्तुरी फडताळात अगदी मागे, तांदळाच्या डब्याआड ठेवायची. विरजण असं दडवून कोण ठेवतं? सांगलीकडचं काहीतरी खास वाण असणार, आणि बया ते जावेला कळू देत नाहीये. एका दुपारी कस्तुरी वाळवण काढायला गच्चीवर गेली तेव्हा ऋतुजाने त्या वाटीतलं चमचाभर दही काढलं, आपल्या दुधाला लावलं आणि आपलं मंगळवेढ्याचं दही कढीत घालून संपवलं. आईने दिलेलं विरजण मोडताना तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बाळ महत्त्वाचं होतं.

दोन महिने तिने चोरीच्या विरजणाचं दही खाल्लं. आकडा अकरावर आला.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. हिने आपल्याला बघितलं असणार, वाटीत काहीतरी कालवलं असणार, असा तिने पक्का ग्रह करून घेतला. शेडमधून अर्ध्या दिवसाची सुटी काढून, दोन्ही वाट्यांतलं दही दोन बाटल्यांत भरून ती तालुक्याच्या विरजण केंद्रात गेली. तिथे डॉक्टर शिरीन मुजावर बसायच्या. डॉक्टर म्हणजे औषध देणाऱ्या नव्हेत, जंतूंच्या. पंचावन्नच्या, केस पिकलेल्या, बोलता बोलता चहा गार करणाऱ्या बाई. त्यांनी बाटल्या यंत्रात लावल्या आणि ऋतुजाचं काकण पाटीला जोडून वर्षभराची रेघ समोर काढली.

बाटल्यांचा निकाल आधी आला. लोहसखी पिढ्यान् पिढ्या एका घरात वाढते तेव्हा तिच्यात त्या घराच्या बारीक खुणा उमटतात, त्यावरून वाण ओळखता येतं. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही एकच आहेत. ऋतुजाने मान खाली घालून कबूल केलं, हो, जावेच्याच वाटीतलं लावलंय. डॉक्टरांनी मान हलवली. हे जावेच्या माहेरचं नाहीच, त्या म्हणाल्या, सांगलीकडची खूण यात एकही नाही. हे मंगळवेढ्याचं आहे.

ऋतुजाला क्षणभर कळेचना. मग कळलं. म्हणजे कस्तुरी पहिल्यापासून ऋतुजाच्याच वाटीतलं विरजण खात होती, आणि ऋतुजाने चोरून आणलं ते आपलंच दही होतं. ज्या वाटीवर ती जळत होती ती तिच्याच आईची होती. चोरटी बया, असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि आपणही तेच केलंय हे तिला लगेच आठवलं.

"पण मग तेच खाऊन ती साडेबारा आणि मी अकरा, हे कसं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी रेघेवर बोट ठेवलं. रेघ सरळ नव्हती. मध्ये मध्ये खाली टोचे होते, सुईने टोचल्यासारखे, एकेका दिवसाचे.

"मंगळवारी काय असतं तुमच्याकडे?"

ऋतुजाने सांगितलं. वाचन असतं. डॉक्टरांनी एकेका टोच्यावर बोट ठेवून दाखवलं, सगळे मंगळवारचेच होते. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की ऋतुजाला ते न समजण्याची सोयच राहिली नाही. माणसाचं मन पेटतं तेव्हा नुसतं डोक्यात पेटत नाही. आतड्याभोवती मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, तेही पेटतं आणि एक रस सोडतं. आम्ही त्याला धगरस म्हणतो. आतड्यातल्या जंतूंना त्या रसाचा वास कोट्यवधी वर्षांपासून कळतो. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की घरमालकावर संकट आलंय, आता ज्याने त्याने आपापलं बघा. लोहसखी आपण घडवली, पण ही जुनी सवय तिच्यातून गेली नाही. धगरस आला की ती चिमट्यात धरलेलं लोह तुम्हाला देत नाही, स्वतःच्या पोटात ठेवते.

"भीती असली तर टोचा वेगळा दिसतो, रागाचा वेगळा," डॉक्टर म्हणाल्या. "हा असा, थोडा थोडा पण न चुकता पडणारा, हा एकाच गोष्टीचा असतो. मराठीत दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात ना? डोक्यात दुखतं नाही म्हणत, छातीत नाही म्हणत. ज्या कुणी बाईने ते पहिल्यांदा म्हटलं, तिला जागा बरोबर माहीत होती."

ऋतुजाचे कान तापले. यावर औषध काय, असं तिने विचारलं. औषध नाही, डॉक्टर म्हणाल्या. धगरस अडवणारी गोळी आहे, पण ती खाऊन बाळाचा विचार करता येत नाही. तुम्ही जळू नका, एवढंच. बोलून झाल्यावर त्यांनाही ते किती पोकळ वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. जळू नको म्हणून सांगून कुणाचं जळणं थांबलंय का कधी? जाता जाता ऋतुजाने एकच मागितलं, कस्तुरीची रेघ दाखवा. पाटीवर ती तशीही सगळ्यांना दिसायची, डॉक्टरांनी दाखवली.

चौदा महिन्यांची रेघ. ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ. एकही टोचा नाही.

घराकडच्या बसमध्ये ऋतुजा खिडकीशी बसून ती रेघ आठवत होती. आपलं विरजण चोरलं याचा राग कुठल्या कुठे गेला. तिला दुसरंच लागलं होतं. चौदा महिने एका घरात, एका चुलीवर, आणि त्या पोरीला एकदाही, अगदी एकदाही आपला हेवा वाटला नाही. वाटावा असं आपल्याजवळ तिला काही दिसलंच नाही. ही जखम ऋतुजा कुणाला दाखवणार होती?

कस्तुरीच्या तीन महिन्यांना आठ दिवस उरले आणि ती तापली. हिवताप. थंडी वाजून दात वाजायला लागले, आत्यांनी देव पाण्यात घातले. तापात रक्तपेशी फुटतात, आणि शरीर उरलेलं लोह स्वतःहून कुलपात घालतं, कारण रोगजंतूंनाही लोहच हवं असतं. आकडा साडेनऊवर आला. मालनताईंनी येऊन सांगितलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. कस्तुरी भिंतीकडे तोंड करून रडली.

ऋतुजाने तिची सेवा केली, आणि मनापासून केली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोक काहीबाही बोलले. तिने शेडला रजा टाकली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मऊ भात भरवला, केस विंचरले. कस्तुरी रडली तेव्हा तिचे डोळेही भरून आले, ते खोटे नव्हते. त्यातच एका सकाळी कस्तुरीने तिचा हात धरला.

"अक्का, एक सांगू? माझं विरजण वाटेतच नासलं होतं. आधी जेजुरीला दर्शनाला गेलो, गाडीत उन्हाने उतलं. नव्या सुनेचं विरजण मेलं म्हटल्यावर आत्या काय म्हणाल्या असत्या? म्हणून तुमचं घेतलं, न विचारता. रोज वाटायचं सांगावं."

ऋतुजा म्हणाली, वेडी का तू, विरजण काय तुझं न् माझं. आपण काय केलं ते मात्र तिने सांगितलं नाही. पोरीची चोरी लाजेची होती, आपली कसली होती ते तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि त्या आठवड्यापासून ऋतुजाची रेघ वर चढायला लागली. टोचे बंद. पहिल्या मंगळवारी अकरा-दोन. मग अकरा-सहा. कस्तुरी बरी होऊन दहावर रेंगाळत होती तेव्हा ऋतुजा बारा ओलांडून गेली. पाटीवर दोन रेघा शेजारी शेजारी होत्या. ज्या दिवशी कस्तुरीची खाली वळली त्याच दिवशी ऋतुजाची वर वळली होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं, पण तोवर डॉक्टर मुजावरांच्या टोच्यांची गोष्ट तालुकाभर झाली होती. टोचे शंभर तालुक्यांत सापडले होते, आशाताईंना ते वाचायचं शिक्षण मिळालं, आणि आशाताईला कळलं ते गल्लीला कळलं. बायका आता आकडा ऐकायच्या थांबल्या, रेघ बघायला लागल्या. कुठली सासू तापली की कुठल्या सुनेची रेघ चढते, कुठल्या मैत्रिणीच्या साखरपुड्याला कुणाला टोचा पडला. समाजमंदिरात टाळ्या कमी झाल्या. बायका एकमेकींच्या पोटात बघायला शिकल्या होत्या, आणि एकदा शिकलेलं विसरता येत नाही.

ऋतुजाचे तीन महिने भरले. ओटीच्या आदल्या दिवशी ती परत केंद्रात गेली. डॉक्टरांनी तिची रेघ काढून समोर ठेवली.

"मी खरंच रडले होते हो तिच्यासाठी," ऋतुजा म्हणाली. "तिच्या उशाशी बसून. मला कळलंच नाही, की आत मी..."

"लोह ते लोहच असतं, ऋतुजाबाई. बाळाला ते कुठून आलं हे कळत नाही."

"मला कळतं ना."

ओटी नाही म्हणायची मुभा होती. पुढे ढकलता आली असती, कस्तुरी परत बाराची होईपर्यंत. पण कस्तुरी चढली की आपण उतरणार हे आता ऋतुजाला पाढ्यासारखं पाठ होतं. दोघींना एकदम ओटी मिळण्याचा दिवस तिच्या पोटाने ठेवलाच नव्हता. तिने ओटीच्या नोंदीवर अंगठा उमटवला आणि घरी आली.

शुक्रवारी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि वर रीतीप्रमाणे दह्याची वाटी. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, फारसं कुणी बोललं नाही. पहिली ओटी जावेने भरायची असते. कस्तुरी अजून अशक्त होती. तिने पाच वेळा ओंजळीने तांदूळ घातले, वाटी ठेवली, ऋतुजाच्या पाया पडली आणि हसली. नेहमीसारखंच हसली, पण दाणे थोडे जमिनीवर सांडले. ऋतुजाने तिला उठवून पोटाशी धरलं.

मंगळवारी पाटी उजळली. मालनताईंनी आकडे वाचले. कस्तुरी लवटे, दहा पूर्णांक सात. कुणी आकडा ऐकला नाही. सगळ्या बायका कस्तुरीच्या रेघेकडे बघत होत्या. तापाचा रुंद खड्डा, मग हळूहळू चढ, आणि चढावर शुक्रवारी एक टोचा. सुईएवढा. चौदा महिने दोरीसारखी सरळ गेलेल्या त्या रेघेवरचा पहिला. कस्तुरीने आधी तो ओळखलाच नाही, शेजारणीला विचारलं, हे काय गं? शेजारीण पदराशी चाळा करत राहिली. मग कस्तुरीला कळलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि तिने काकणाचा हात पदराखाली घेऊन पोटावर दाबून धरला. ऋतुजाकडे तिने बघितलं नाही. घरी परतताना पहिल्यांदाच ती मागे मागे चालली नाही, आत्यांच्या पलीकडून चालली.

बुधवारी सकाळी ऋतुजाने फडताळ उघडलं. तांदळाच्या डब्याआड स्टीलची वाटी नव्हती. कस्तुरीने ती आपल्या खोलीत नेऊन ठेवली होती, आणि खोलीला कडी होती. पोरीसाठी ऋतुजाचा जीव तुटला. अगदी मनापासून तुटला, तिने स्वतःला चाचपून बघितलं. मग तिने आपल्या पितळेच्या झाकणाच्या वाटीतलं दही काढून घेतलं आणि खाता खाता सवयीने काकणाकडे पाहिलं. मंगळवारची रेघ तिथे उमटली होती. तिच्या आजवरच्या आयुष्यात ती एवढी उंच कधीच गेली नव्हती.